चिवड्याची वाटी आणि आर्वीचे धुके

दिवाळी अंकासाठी हे पान लिहायला बसले की दरवर्षी मला एकच पेच पडतो. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला शास्त्राचा घोट पाजावा तरी कसा? म्हणून मी आजवर फराळातच शास्त्र शोधत आलो. करंजी तेलात पडताच का फुगते, पणतीची ज्योत वरच का जाते, असले विषय तुम्ही गोड मानून घेतलेत. यंदाचा विषयही एका चिवड्याच्या वाटीतच सापडला. मात्र त्या वाटीच्या निमित्ताने मला माझीच एक चूक उमगली, आणि ती कबूल केल्यावाचून हा लेख पुरा व्हायचा नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही उभयता आर्वीला ताईकडे गेलो होतो. आर्वी हे वर्धा जिल्ह्यातले कापसाचे गाव. मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या पुलगावला उतरायचे आणि तिथून एस.टी.ने पुढे जायचे. पूर्वी पुलगावहून आर्वीला अरुंद रुळांवरून एक छोटी गाडी जात असे. ताईच्या लग्नाचे आमचे वऱ्हाड त्याच गाडीने डुलत डुलत गेले होते. ती गाडी आता बंद झाली. ताईच्या संसाराला मात्र पन्नास वर्षे होत आली. भाऊजींची गावाबाहेर थोडी शेती आहे. कापूस, तूर आणि संत्र्याची काही झाडे. वय पंच्याहत्तर. माणूस कष्टाळू आणि तितकाच गमत्या; पण गेली दहाबारा वर्षे दम्याने गाठले आहे. खिशात दम्याचा पंप आणि ओठांवर विनोद, अशा थाटात ते गावभर हिंडत असतात.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दोन गोष्टी घडल्या. ताईने चिवड्याचा पहिला घाणा उतरवला. तिची रीत अशी की मीठ आणि पिठीसाखर आधीच एकत्र करून ठेवायची आणि चिवडा परतून झाला की वरून भुरभुरायची. पहिल्या घाण्याला लागले तेवढे वापरून तिने उरलेले मिश्रण एका वाटीत ठेवले. शेजारच्या वाटीत नुसती पिठीसाखर, तिसऱ्या वाटीत नुसते मीठ. तिन्ही वाट्यांवर एक पातळ फडके टाकले. दुसरा घाणा सकाळी काढायचा होता. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अशी की ताईच्या नातवाला, मन्याला, घेऊन मी बाजारात गेलो आणि फटाक्यांची एक भलीमोठी पेटी त्याच्या हातात ठेवली. "काहून आणले एवढे?" असे ताई म्हणाली खरी, पण मुंबईच्या आबाजींच्या हौसेपुढे कोण काय बोलणार? रात्री अकरापर्यंत आमच्या आणि शेजारच्या अंगणात दणदणाट चालला होता.

नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठलो तो दाराबाहेर पांढरी भिंत उभी. आर्वीच्या पश्चिमेला वर्धा नदी. पाऊस त्या वर्षी उशिरापर्यंत रेंगाळला होता. जमीन ओली, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला. धुक्याला याहून काय हवे? त्यातच घरोघर अभ्यंगाचे पाणी तापत होते. आमच्याही परसात बंबाखाली पऱ्हाट्या पेटल्या होत्या. पण ते धुके मला नेहमीसारखे निर्मळ वाटेना. त्याला जळक्या दारूचा वास होता आणि डोळे चुरचुरत होते.

अंगाला तेल लावून भाऊजी पाटावर बसले, आणि दोन तांबे अंगावर पडतात न पडतात तोच त्यांना धाप लागली. आधी आम्हाला वाटले, थंडीने हुडहुडी भरली. मग छातीतून शीळ ऐकू येऊ लागली. ताई पाठ चोळू लागली, सून पंप आणायला धावली, आणि मन्या खांबाला धरून आजोबांकडे बघत उभा राहिला. पंपाचे दोन झुरके घेऊनही उतार पडेना. शेवटी शेजाऱ्यांच्या मोटारीतून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी वाफारा दिला, तासाभराने श्वास लागी लागला. भाऊजींचे पहिले वाक्य होते, "नरकासूर वाचला म्हना, मी कारीट फोडाचंच रायलं." आम्ही हसलो, पण तो तास मला अजून आठवतो.

घरी परतलो तो नऊ वाजले होते. ताईने मन घट्ट करून दुसऱ्या घाण्याची कढई चढवली आणि वाट्यांवरचे फडके उचलले. नुसते मीठ कोरडे होते. पिठीसाखर कोरडी होती. मधल्या वाटीतल्या मिश्रणाचा मात्र ओलसर गोळा होऊन वाटीला चिकटला होता.

"रात्री पाणी प्यायला तूच उठला होतास ना?" ताई माझ्याकडे वळून म्हणाली. "ओल्या हाताने चिमूट उचललीस. लहानपणीची खोड जायची नाही तुझी!"

वाचकहो, पंचवीस वर्षे विज्ञानावर लिहिणाऱ्या माणसावर पिठीसाखर चोरल्याचा आळ! मी त्या वाटीला हात लावला नव्हता. पण पुरावा समोर होता. तीन वाट्या, एकच फडके, एकच रात्र, आणि ओली झालेली वाटी एकच. पाणी हवेतून आले म्हणावे तर तिन्ही वाट्यांत यायला हवे होते.

माझ्या पिशवीत हवेचा ओलसरपणा मोजण्याचे एक लहानसे यंत्र असते. ते रात्रभर स्वयंपाकघरातल्या फळीवर होते आणि पहाटे त्याचा काटा ७२ वर होता हे मी पाहिले होते. हवेत मावू शकेल तेवढ्या वाफेपैकी किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, ते हा आकडा सांगतो. १०० म्हणजे हवा तुडुंब भरली. तिथून पुढे धुके, दव, पाऊस.

आता प्रत्येक क्षाराची हवेच्या दमटपणाशी एक ठरलेली रेघ असते. शुद्ध मिठाची रेघ साधारण ७५ टक्क्यांवर आहे. हवा ७५ च्या खाली असेल तर मीठ कोरडे ठणठणीत. ती ७५ ओलांडताच मिठाचा खडा हवेतले पाणी ओढून घेतो आणि स्वतःच त्यात विरघळतो. हळूहळू ओला होत जातो असेही नाही. रेघेच्या अलीकडे स्फटिक, पलीकडे थेंब. साखरेची रेघ याहून वर, सुमारे ८५ ला. आमच्या मुंबईत पावसाळ्याचे चार महिने मिठाच्या बरणीत पाणी सुटते ते यामुळेच. समुद्राकाठच्या खडेमिठाला तर त्याहूनही लवकर घाम फुटतो, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड नावाचा एक क्षार मिसळलेला असतो आणि त्याची रेघ अवघ्या ३३ वर आहे.

स्वयंपाकघरात त्या रात्री ७२ होते, म्हणजे मिठाच्या रेघेच्या खाली आणि साखरेच्याही खाली. म्हणून त्या दोन वाट्या कोरड्या राहिल्या हे ठीक. मग मिश्रण का ओले झाले? कारण दोन विरघळणारे पदार्थ एकमेकांना टेकले की त्या मिश्रणाची रेघ दोघांच्याही रेघांहून खाली उतरते. ७५ आणि ८५ यांच्या मध्ये कुठेतरी नव्हे, तर ७५ च्याही खाली. गणिताने सरासरी काढायची सवय असलेल्या आपल्या मनाला हे चटकन पटत नाही. पण विचार करा. मिठाचा आणि साखरेचा कण जिथे एकमेकांना चिकटला आहे तिथे पाण्याचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा आला, की त्यात मीठही उतरते आणि साखरही. पाण्यात जितके अधिक विरघळलेले, तितके त्या पाण्याला उडून जाणे अवघड. नुसत्या मिठाच्या पाण्यातून ७२ च्या हवेत पाणी उडून गेले असते. मीठ आणि साखर दोघांनी मिळून धरून ठेवलेले पाणी मात्र उडू शकत नाही. उलट हवेतून आणखी येत राहते. प्रयोगशाळेत मोजलेले दाखले याहून स्पष्ट आहेत. साध्या मिठाची रेघ ७५ आणि पोटॅशियम क्लोराइडची ८४. दोघांच्या मिश्रणाची सुमारे ७३. मिठात सोडियम नायट्रेट मिसळले तर रेघ ६८ वर येते.

मी ताईला हे सांगितले. तिने पुरावा मागितला. तेव्हा तीन बशा घेतल्या. एकीत मीठ, दुसरीत साखर, तिसरीत दोन्ही एकत्र. तिन्ही एका मोठ्या डब्यात ठेवल्या, शेजारी ओल्या मिठाचा लगदा असलेली एक वाटी ठेवली आणि झाकण घट्ट लावले. ओल्या मिठाच्या सहवासात डब्यातली हवा बरोबर ७५ वर येऊन थांबते आणि डबा बंद असेपर्यंत तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा साखर आणि मीठ कोरडे होते. मिश्रणाची बशी चकाकत होती. माझी निर्दोष सुटका झाली. तुम्हीही घरी करून बघा. खर्च काहीच नाही.

ताईने मला माफ केले, पण मलाच आता चैन पडेना. कारण चिवड्याच्या वाटीला जो नियम लागू तोच अंगणातल्या हवेला लागू, हे मला ठाऊक होते.

धुके नुसत्या पाण्याचे होत नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञांना कळून दीडशे वर्षे होत आली, आणि ती कळली कापसामुळे. फ्रान्समध्ये कूलिये यांनी १८७५ साली आणि स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास एक सोपा प्रयोग केला. एटकिन यांनी काचेची दोन भांडी घेतली. एकात साधी हवा, दुसऱ्यात कापसाच्या बोळ्यातून गाळलेली हवा. दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेच्या भांड्यात दाट पांढरे धुके भरले. गाळलेल्या हवेचे भांडे स्वच्छ राहिले. पाण्याला थेंब व्हायला बसण्यापुरता पाट लागतो आणि तो पाट म्हणजे हवेतला सूक्ष्म कण. पुढे स्वीडनच्या हिल्डिंग कोलर यांनी १९३६ साली मांडलेल्या गणिताने हे पक्के केले, की कण लहान असला तरी त्यात क्षार असेल तर तो थेंबाला जन्म देऊ शकतो. आर्वीच्या कापसाला एवढे मोठे गुपित ठाऊक असेल, असे कुणाला वाटले असते?

हवेतले हे कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढे, कधी त्याहूनही बारीक. आणि ते क्वचितच शुद्ध असतात. त्या पहाटेच्या आर्वीच्या हवेचा हिशेब मांडून बघा. शेतातल्या युरियातून आणि गोठ्यातून उडणारा अमोनिया होता. चंद्रपूर आणि कोराडीच्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशातून निघणारा गंधकाचा वायू दूरवर पसरतो. तो अमोनियाशी मिळून अमोनियम सल्फेट होते, त्याची रेघ ८०. वाहनांच्या धुरातून होणारे अमोनियम नायट्रेट, त्याची रेघ ६२. पऱ्हाट्यांच्या धुरात काजळी, चिकट सेंद्रिय पदार्थ आणि पोटॅशियमचे क्षार. काळ्या मातीची धूळ. आणि या सगळ्यांवर कळस म्हणून आदल्या रात्रीची माझी पेटी.

फटाक्याच्या दारूची गंमत अशी की ती करणाऱ्यांना रेघेचे हे ज्ञान अनुभवाने फार पूर्वीपासून होते. दारूत सोरा लागतो तो पोटॅशियमचा. त्याची रेघ ९२ च्या वर, म्हणून दारू सहसा सादळत नाही. चिलीहून येणारा स्वस्त सोडियमचा सोरा वापरला तर तो ७४ लाच पाणी पितो आणि फटाका फुसका निघतो. म्हणजे फुटण्यापूर्वी फटाका कोरडा राहावा याची एवढी काळजी! फुटल्यावर मात्र त्यातले पोटॅशियम, गंधक आणि क्लोरीन बारीक कण होऊन हवेत मिसळतात, इतर कणांना चिकटतात, आणि कोरडे राहण्याचा करार तिथेच संपतो. मिश्रण झाले की रेघ खाली येणार. चिवड्याच्या वाटीसारखीच.

रेघ ओलांडली की कण फुगतो. मिठाचा कण ७५ वर विरघळतो तेव्हा त्याचा व्यास जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे घनफळ सहासात पट. हवा ९० च्या पुढे गेली की तो आणखी फुगतो, प्रकाश अधिक विखुरतो, आणि समोरचे झाड दिसेनासे होते. असला थेंब नुसता बसून राहत नाही. हवेतले वायू स्वतःत विरघळवून घेतो आणि त्यांचे आम्ल बनवतो. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर चार-पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले, तेव्हा हजारो माणसे दगावली. त्या वेळचा अंदाज चार हजारांचा होता. नंतरच्या अभ्यासांनी तो बराच वर नेला.

"पण मामा," माझा भाचा म्हणाला, "धूर रात्री झाला. सकाळी नऊनंतर ऊन पडलं. ऊन पडलं की कण सुकून जात असतील."

तोच तर सगळ्यात चमत्कारिक भाग आहे. हा कण ओला होतो एका रेघेवर आणि सुकतो दुसऱ्याच रेघेवर. मिठाचा थेंब ७५ वर तयार झाला, पण हवा पुन्हा ७५ च्या खाली आली म्हणून तो लगेच स्फटिक होत नाही. ७०, ६०, ५० होते. पाणी थोडे थोडे उडते, थेंब दाट होत जातो, पण थेंबच राहतो. ४५ च्या आसपास तो एकदम सुकतो. अमोनियम सल्फेट तर ८० ला भिजते आणि ३५ पर्यंत सुकत नाही. म्हणजे हवा ६० टक्के असताना कण ओला की कोरडा, हे नुसत्या आजच्या हवेवरून सांगता येत नाही. तो काल कुठून आला, हे विचारावे लागते.

हे कोडे ताईनेच सोडवले. ती म्हणाली, "म्हणजे पाकासारखंच की!" अगदी बरोबर. पाक आटला, त्यात मावेल त्याहून जास्त साखर झाली, तरी तो लगेच फुटत नाही. साखरेला बसायला पहिला दाणा हवा. कढईच्या कडेचा एक कण पाकात पडला की भराभर सगळ्या पाकाची साखर होते. हवेतल्या थेंबाला कढईही नाही आणि कडही नाही. तो अधांतरी तरंगतो, म्हणून पहिला दाणा मिळेपर्यंत तो पाकच राहतो. शिवाय पाक फुटू नये म्हणून आपण त्यात लिंबाचे दोन थेंब पिळतो. त्याने थोड्या साखरेची दुसरीच साखर होते आणि ती पहिलीला ओळीने बसू देत नाही. धुरातले चिकट सेंद्रिय पदार्थ हवेतल्या थेंबात हेच लिंबाचे काम करतात. ज्या थेंबात ते भरपूर असतात तो कित्येकदा सुकतच नाही; नुसता घट्ट काकवीसारखा होऊन राहतो. उलट मातीचा एखादा कण आत असेल तर तो कढईच्या कडेसारखा उपयोगी पडतो आणि थेंब लवकर सुकतो.

भाऊजी बाजेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "हे तं आमच्या कापसावानीच झालं जी."

मी कान टवकारले.

"सकाळी दवात येचलेला कापूस उन्हात वाळवा, अन् दुपारी येचलेला कोरडा कापूस तेथंच ठेवा. हवा एकच, जागा एकच. तरी दवातला कापूस वजनाले जास्तच भरते. ओल सोडताना तो मन मारते."

कापूस-शास्त्राच्या पुस्तकांत हेच लिहिलेले आहे. तेवढ्याच दमट हवेत, ओला होत जाणाऱ्या कापसापेक्षा सुकत जाणारा कापूस अधिक पाणी धरून ठेवतो. भाऊजींना ते वजनकाट्यावर कळले होते. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर भरला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला तर माल परत पाठवतात. शेतकऱ्याला हे शिकायला प्रयोगशाळा कशाला हवी?

आता छातीचा प्रश्न. आपल्या श्वासनलिकेतली हवा ९९ टक्क्यांहून अधिक दमट असते. कोरडा कणसुद्धा आत शिरला की तिथे पाणी पिऊन फुगतो आणि छातीत तो कुठे जाऊन बसणार ते त्या फुगण्यावर ठरते. धुक्यातला कण आधीच फुगलेला, आधीच आम्ल झालेला येतो. मी डॉक्टर नाही, आणि दम्याचे खापर एकट्या कणांवर फोडणे बरोबर होणार नाही. पहाटेची थंडी होती, अंगावर पडलेले पाणी होते, वय होते. वारा पडलेल्या रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि धुराला वर जायला वाट राहत नाही, हेही होते. पण साचलेल्या त्या हवेत मिश्रणाला आणखी खमंग करण्याचे काम कोणी केले होते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. गंमत बघा, ज्या चिमूटभर साखरेला मी हात लावला नव्हता तिचा आळ माझ्यावर आला आणि मी त्यातून सुटण्यासाठी तीन बशा मांडल्या. ज्या पेटीचे पैसे माझ्या खिशातून गेले, तिचा उच्चार घरात कुणी केला नाही.

ही गोष्ट एकट्या आर्वीची नाही. हिवाळ्यात दिल्लीवर जे धुके बसते त्यावर मद्रासच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळण्यातून आणि कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. हवेतल्या भरपूर अमोनियाशी तिचा संयोग होऊन ती कणांवर क्लोराइड म्हणून जमा होते. आणि हे क्लोराइड पाणी फार आवडीने पिते. कणांनी ओढलेल्या पाण्यापैकी आणि मंद झालेल्या दृष्टीपैकी निम्म्याचे कारण हेच, असा त्यांचा हिशेब आहे. कचऱ्याच्या ढिगाला कोणीतरी काडी लावतो आणि विमाने थांबतात, आगगाड्या उशिरा धावतात.

हे सगळे ऐकल्यावर भाऊजी उठून बसले. शेतकऱ्याचे मन कुठे जाणार? "मले सांगा," ते म्हणाले, "कण पानी पिऊन फुगते म्हनता, तं हेच मीठ ढगात टाकलं तं पाऊस येते का?"

येतो, पण ढग असेल तर. आपल्या महाराष्ट्रातच हा प्रयोग झाला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात विमानातून ढगांत मिठाची बारीक पूड सोडली. मोठा कण लवकर मोठा थेंब होतो आणि मोठा थेंब लहानांना गिळत खाली येतो, ही त्यामागची कल्पना. पावसात सुमारे २४ टक्के वाढ दिसल्याचे त्यांनी नोंदवले. त्याच संस्थेने २०१८ आणि २०१९ साली सोलापूरच्या आकाशात कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळून पुन्हा प्रयोग केला. ढगाच्या वाऱ्याखालच्या भागात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढ आढळली. पण निरभ्र आकाशात पोतेभर मीठ उधळले तरी ढग काही तयार होत नाही.

"म्हंजे कण वाईट नाही," भाऊजी म्हणाले.

नाहीच. कण नसते तर एटकिनच्या गाळलेल्या हवेसारखे आपले आकाश कोरडे राहिले असते आणि आर्वीच्या कापसावर थेंब पडला नसता. समुद्राचा फेस, मातीची धूळ, झाडांचा निःश्वास यांतून निघालेले कण हजारो वर्षे पाऊस पाडत आले आहेत. प्रश्न येतो तो आपण त्यांत काय मिसळतो, आणि कोणत्या वेळी मिसळतो, याचा.

पाडव्याच्या दुपारी दोन वाजता मन्या माझ्याजवळ आला. पेटीत अजून अर्धा माल शिल्लक होता. धनत्रयोदशीच्या रात्रीनंतर त्याने त्यातला एकही फटाका उडवला नव्हता. कुणी त्याला बजावले नव्हते. त्याने विचारले, "आबाजी, आता काटा कितीवर आहे?" मी यंत्र बाहेर काढले. अंगणात ३९. ऊन रणरणत होते, वारा चांगला सुटला होता. भाऊजी जेवून शेताकडे गेले होते, वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

"फुलबाजी उन्हात दिसनार नाही," तो विचार करीत म्हणाला. "पन लवंगी फटाक्याले अंधार काहून पाह्यजे? आवाज तं उन्हातही होते."

त्याने एक माळ लावली. तडतड झाली, धूर उठला आणि वाऱ्याबरोबर वर जात बघता बघता विरला. धूर नाहीसा झाला असे मी म्हणणार नाही. तो पातळ झाला, एवढेच. मन्याने उरलेली पेटी माझ्यापुढे सरकवली आणि दुकानदार परत घेईल का, असे विचारले. आम्ही दोघे बाजारात गेलो. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत. पणत्या मात्र दिल्या, चार डझन. त्या संध्याकाळी ताईच्या अंगणाच्या कठड्यावर त्या ओळीने लागल्या, आणि भाऊजी आरामखुर्चीत बसून त्या मोजत राहिले.

यंदाही आम्ही आर्वीला जाणार आहोत. ताईने कळवले आहे की मीठ आणि पिठीसाखर ती आता वेगवेगळ्या डब्यांत ठेवते आणि चिवडा उतरवल्यावरच एकत्र करते. आणि भाऊजींनी बजावले आहे की येताना ते ओल मोजायचे यंत्र विसरू नका. पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला आहे. त्यांना बाजारात नेण्यापूर्वी एकदा काटा बघायचा आहे.